पाण्याच्या टाकीवरची तयारी

आमच्या गावात सगळ्यात उंच काय असेल तर पाण्याची टाकी. बाकी सगळं सपाट. तासगावकडून आलं की दोन्ही अंगाला द्राक्षाच्या बागा, मग बेदाण्याची शेडं, कॅनॉल, आणि कॅनॉलच्या पलीकडं ऊस. नजर कुठं अडायचं नाव नाही. असल्या गावात राहून मी बर्फाच्या डोंगरावर जायची तयारी करत होते, तीही अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर. रोज सकाळी टाकीचा गोल जिना चढायचा, वर कठड्याला टेकून धापा टाकायच्या, उतरायचं, परत चढायचं. पाठीवर पोराची कॉलेजातली जुनी सॅक, आणि वजन पाहिजे म्हणून तिच्यात आमच्याच शेडातल्या बेदाण्याच्या पिशव्या.

खालून पाणी सोडणारा ओरडायचा, "काकी, पुरं करा की आता! लोकं मला इचारत्यात, टाकीत काय पडलंय का म्हणून."

मी वरून म्हणायची, "माझी अक्कल पडलीया. ती हुडकाय चढलीया."

तो हसायचा. मला हसू यायचं नाही, कारण बोललं की दम जास्तच लागायचा. खरं सांगते, त्या तयारीचा मला वीट आला होता. लोक म्हणतात, सकाळचं चालल्यानं ताजंतवानं वाटतं. कुणाला वाटतं कोण जाणे. मला घरी येऊन पायरीवर टेकलं की बूट काढायचासुद्धा जीव व्हायचा नाही. मग भाकरी, मग शेडावर कामाच्या बायकांच्या मागं, दुपारी जरा आडवं व्हावं तर कोण तरी दारात हजर. उन्हाळ्याचे दिवस, पहाटेसुद्धा वारा नाही. अंग ठणकायचं, आणि उद्या परत ती टाकी आहेच ह्या विचारानंच मी निम्मी दमायची.

कुणी बळजबरी केली नव्हती. हट्ट माझाच होता.

हे म्हणजे माझे मालक, फौजेतून हवालदार होऊन आलेले. आमच्या भागात घरटी एक फौजी, त्यात नवल नाही. सतरा वर्षं नोकरी, त्यात दोनदा बर्फात. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मला दिवस होते. थोरला पोरगा शाळेत जायला लागलेला, आणि हे दुसरं. सातव्या महिन्यात ते मूल पोटातच गेलं. मिरजेला दवाखान्यात नेलं, तिथून घरी आणलं, आणि पुढं थोड्याच दिवसांत बूथवाल्याचा सांगावा आला, वरनं फोन येणाराय, येऊन बसा. तेव्हा गावात एकच बूथ. आत काचेची पेटी आणि बाहेर बाकावर अर्धं गाव, काचेला कान लावून. मी फोन घेतला. तिकडून नुसती खरखर, आणि त्या खरखरीतून ह्यांचा आवाज, "कशी हाईस?"

मी म्हटलं, "बरं हाय. समदं बरं हाय."

तिकडं परत नुसती खरखर. मग हे म्हणाले, "मी बी मजेत हाय." पुढं हॅलो हॅलो झालं आणि लाईन तुटली.

बरं हाय. आमच्याकडं फौजीच्या बायकोला हे कुणी शिकवावं लागत नाही. माणूस सीमेवर आहे, त्याच्या डोक्याला घोर लावायचा नाही. सासू पडली तरी बरं हाय, म्हैस दगावली तरी बरं हाय. हळूहळू ते तोंडात असं बसतं की मग शेजारणीलाही तेच आणि सख्ख्या आईलाही तेच. अंगात ताप घेऊन मी अंगणवाडीत खिचडी शिजवलीय. मदतनीस विचारायची, बाई, डोळे लाल दिसत्यात. तर मी म्हणायची, बरं हाय.

हे सुट्टीवर आले ते थेट सहा महिन्यांनी. माझ्याकडं बघितलं, मग पोराला उचलून घेतलं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सासूबाईंनी सांगितलं असेल, असं मी धरून चालले. पण ते 'मजेत' माझ्या मनात बसलं ते बसलंच. राग होता, लपवत नाही. संसार केला, भांडलो, हसलो, पोराचं लग्न लावलं, आणि मधूनच भाकरी थापताना ते आठवायचं. वाटायचं, कुठल्या असल्या जागी होता हा बाबा, की मी इकडं रिकामी होऊन पडले आणि हा तिकडं मजेत?

ती जागा मला एकदा डोळ्यांनी बघायची होती. बाकी मला हिमालयाचं काही कौतुक नव्हतं.

ह्यांना विचारून उपयोग नव्हता. "काय असतंय तिथं? बर्फ असतोय," एवढंच. उजव्या पायाची दोन बोटं त्या बर्फानं खाल्लेली, त्याबद्दल विचारलं तरी उत्तर तेच. गेल्या वर्षी ह्यांच्या पलटणीतल्या जुन्या मंडळींनी बेत काढला. ह्यांचं ठाणं जिथं होतं तिथं कुणाला जाऊ देत नाहीत. पण त्याच्या अलीकडं एक खिंड आहे, तिथवर आता साध्या माणसांना जाता येतं, आणि खिंडीत उभं राहिलं की समोर ह्यांच्या ठाण्याची ती डोंगरधार दिसते. येताना घरच्यांनाही आणा म्हणाले. ह्यांनी मला पत्ता लागू दिला नाही. त्यांच्या दोस्ताचा फोन मी उचलला म्हणून कळलं.

"मी येणार," मी म्हटलं.

"तुला झेपायचं न्हाई."

"आवं, ऊस भांगललाय, तुमची आई उचलून न्हाणीत नेलीया, आन म्हणं झेपायचं न्हाई!"

"त्ये येगळं, ह्ये येगळं," म्हणाले आणि टोपी घालून रानात गेले. दुसऱ्या दिवशी मी उठले तर माळ्यावरची सॅक झटकून माझ्या उशाशी ठेवलेली. आमच्यात होकार असाच असतो.

मग टाकी सुरू झाली. आणि शनिवारी दंडोबाचा डोंगर. हे पायथ्यापासून एकाच चालीनं निघायचे, इतके सावकाश की बघून चीड यावी. वाटायचं, हा माणूस बर्फात गेला होता का वऱ्हाडात? आमच्याकडं देवाचा डोंगर चढायचा तो न टेकता, न पाणी पिता. मध्ये बसलं की बरोबरच्या बायका म्हणणार, आटपलं हिचं. मी पदर खोचून पुढं सुटायची. वर देवळापाशी जाऊन ह्यांची वाट बघत बसायची. छाती फुटायची वेळ आलेली असायची, पण तोंड हसरं.

हे वर येऊन विचारायचे, "दम लागला?"

"न्हाई."

"पाणी पिलीस?"

"तहानच न्हाई."

"खोटं बोलतीस," म्हणायचे आणि बाटली पुढं करायचे. मी दोन घोट घ्यायची, उपकार केल्यासारखे.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी छाती, रक्तदाब, साखर सगळं तपासलं. पोरीच्या वयाची बाई. म्हणाली, "पाय छान तयार झालेत तुमचे, आजी. पण पाय इथं तयार होतात, उंचीची तयारी इथं होत नाही. तिथं हवाच विरळ असते. चांगले पैलवानसुद्धा आडवे होतात. हळू चढायचं, पाणी पीत राहायचं. आणि डोकं दुखलं, मळमळलं, पाय लटपटले, तर लगेच सांगायचं. लपवलं तर जिवावर बेतू शकतं. खाली उतरणं हाच उपाय." बाईनं नीट समजावून सांगितलं होतं. पण तिनं आजी म्हटलं त्याचा मला इतका राग आला होता की बाकीचं एका कानानं आलं आणि दुसऱ्यानं गेलं.

परत येताना गाडीवर हे म्हणाले, "ऐकलंस न्हवं? डोकं दुखलं तर सांगायचं."

"सांगंन की. तोंड काय शिवलंय का माझं?"

निघायच्या आदल्या दिवशी पुतण्यानं आणि त्याच्या मंडळाच्या पोरांनी स्टँडवर फ्लेक्स लावला. आमच्या दोघांचे फोटो, मागं कुठल्या तरी परदेशातला डोंगर, वर ठळक अक्षरात 'हिमशिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली गॉगल लावलेल्या पोरांचे फोटो, ते आमच्यापेक्षा मोठे.

"अरं, आमी अजून गेलो बी न्हाई," मी म्हटलं.

"काकी, आत्ता शुभेच्छा आन मग अभिनंदन, दोनदा कोण छापत बसतंय? तुमी जाऊन येणारच की!"

हलगी लावली, गुलाल उधळला, शाल-नारळ झालं. हे तोंड पाडून उभे होते. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. उभ्या जन्मात माझा फोटो कुणी चौकात लावला नव्हता. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की आता माघारी यायची सोय राहिली नाही. तो फ्लेक्स अजून आहे. वाऱ्यानं एक कोपरा सुटलाय, तो लोंबतोय.

मिरजेहून रेल्वे, दिल्लीतून पुढं. वरच्या गावात पोचल्यावर ह्यांनी सगळ्यांना नुसतं बसवून ठेवलं. चालायचं नाही, पळायचं नाही, पाणी प्यायचं आणि बसायचं. मी खिडकीतून त्या उघड्या-बोडक्या डोंगरांकडं बघत बसायची. झाड म्हणून नाही. आमच्या जत-आटपाडीकडंसुद्धा बाभळ तरी असते.

मग चाल सुरू झाली. ह्यांचे तीन-चार दोस्त, दोघांच्या बायका, वाट दाखवणारा एक आणि सामानाचा घोडेवाला एक. पहिल्या दिवशी टाकी कामाला आली. पाय कुरकुरले नाहीत. थांब्याला वाट दाखवणारा प्रत्येकाला विचारायचा, तबियत कैसी है. हे म्हणायचे, "सब बढ़िया." पलटणीतली सवय. आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारायचे, "डोकं दुखतंय का?"

"न्हाई."

पहिल्या दिवशी ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कानशिलात घण बसायला लागले. वाटलं, ऊन लागलं असेल. मग वाटलं, झोप नाही झाली. थांबा आला, हे आले, डोकं दुखतंय का? न्हाई. पुढं एका मोठ्या धोंड्याच्या आड जाऊन मी ओकले, आणि बुटानं त्यावर माती लोटली, मांजरासारखी. येऊन परत ओळीत लागले. पुढचा थांबा. डोकं? न्हाई. पाण्याचा घोट गिळवेना. समोरच्या बाईच्या टाचा धरून चालत होते, त्या टाचा मधूनच दोनाच्या चार व्हायच्या. असला थकवा मी आयुष्यात बघितला नव्हता. ऊस भांगलून येतो तो थकवा भाकरी खाल्ली की उतरतो. हा वेगळाच, जीवच नको वाटायला लावणारा. आणि एवढं होऊन मनात काय चाललेलं, तर स्टँडवरचा फ्लेक्स. आता माघारी गेलं तर तोंड कुठं दाखवायचं?

दुपारी तंबू लागले. खिंड तिथून दिसत होती, दोन काळ्या सुळक्यांच्या मधली फट. उद्या सकाळी तिथं, वाट दाखवणारा म्हणाला. उद्या सकाळी मी ती धार बघणार होते. मी तंबूत बसून बुटाची नाडी सोडत होते आणि ती सुटेना. बोटांना गाठ कळत नव्हती.

हे चहा घेऊन आत वाकले. "डोकं दुखतंय का?"

"न्हाई वं. किती येळा इचारशीला? बरं हाय."

ते शब्द निघाले आणि हे तसेच थांबले. मी वर बघितलं. हे भ्याले होते. ह्या माणसाला मी भ्यालेला कधी बघितला नव्हता. कॅनॉल फुटून रानात पाणी शिरलं तेव्हा नाही, पोराला अपघात झाला तेव्हा नाही. आणि आता माझ्या एका शब्दानं त्यांचं तोंड पांढरं पडलेलं. मला कळेना, का. पण त्या चेहऱ्यासमोर मला परत खोटं बोलवेना. दमलेही होते. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं म्हटलं तरी चालेल.

"आवं," मी म्हटलं, "डोकं लय दुखतंय. सकाळपास्नं. उलटी बी झाली. नाडी सुटंना झालीया."

मला वाटलं, आता डाफरतील. हे डाफरले नाहीत. कप खाली ठेवला, गुडघ्यावर बसून माझ्या बुटाची नाडी उलट घट्ट बांधली आणि म्हणाले, "चल. खाली."

"आन खिंड?"

"खिंड गेली खड्ड्यात."

दोस्तांना दोन शब्दांत सांगितलं. घोडेवाल्यानं घोड्यावरचं सामान उतरवून मला बसवलं आणि तिघं निघालो, उजेड होता तोवर भराभर. वाट उतरत होती तसं डोकं खरंच हलकं व्हायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच. नदीच्या आवाजापर्यंत आल्यावर मी म्हटलं, मला उतरवा, मी चालते. घोडेवाला घोडं घेऊन पुढं झाला. आणि मग मला रडू आलं. मागं वळून बघितलं तर खिंड दिसेनाशी झालेली.

"आता न्हाई दिसायची मला ती धार," मी म्हटलं.

"काय बघायचं हुतं तुला तिथं? मी सांगतो की. बर्फ असतोय."

"मला बर्फ बघायचा न्हवता. तुमी मजेत कुठं हुता, त्ये बघायचं हुतं."

कधी बोलेन असं वाटलं नव्हतं. बोलून गेले. वाट अरुंद होती, ते पुढं, मी मागं. तोंड न वळवताच म्हणाले, "मला ठावं हुतं."

"काय?"

"त्या फोनच्या आधीच. माझ्या थोरल्या भावानं खालच्या तळावर फोन केला हुता. वायरलेसवर निरोप वर आला. हवा खराब, हेलिकॉप्टर बंद, खाली जाया वाट न्हाई. साहेब म्हणाले, घरी फोन लाव. एकच फोन, आन समद्यांची लाईन. निम्मा दिस मी त्या लायनीत उभा हुतो. म्हटलं, तू सांगशील. तू रडशील, मग मी बी जरा रडंन." मग म्हणाले, "तू म्हणालीस, समदं बरं हाय."

मी उभीच राहिले. थोरले दीर जाऊन वर्षं झाली. त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या शब्दाचा राग धरून बसले होते, तो माझ्याच शब्दाला दिलेला जबाब होता.

"मग इचारलं का न्हाई तुमी?"

"तू बरं हाय म्हणल्यावर काय इचारू? बूथवर लोकं असत्याल. आन सुट्टीवर आलो तवा तू काय बोलली न्हाईस. म्हटलं, तुला नगं असंल."

"मला वाटलं, तुमास्नी नगं असंल."

हे थांबले, पण वळले नाहीत. हातातल्या काठीनं वाटेतला एक दगड बाजूला केला, मग दुसरा केला.

"काय हुतं गं?" त्यांनी विचारलं. "निरोपात तेवढं न्हवतं."

"पोरगी."

"तू बघितलीस?"

"एकदाच दावली. नाक तुमचं हुतं."

घोडेवाल्याच्या लक्षात आलं की मागं कुणी येत नाही. त्यानं घोडं थांबवून खालून हाक मारली, "साब, सब ठीक है?"

ह्यांचं तोंड उघडलं. 'सब बढ़िया' मला ऐकू आलंच होतं म्हणा ना. पण तेवढ्यात हे वाटेतच एका धोंड्यावर खाली बसले, डोक्याची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "रुक जा भाई थोड़ा. मेरी तबियत ठीक नहीं है."